विणकराचं पान

शहापुरातल्या विणकर गल्लीत यमनाप्पाच्या आधी त्याचं पोट यायचं. गल्लीच्या तोंडाशी एक जुनी चिंच होती. त्या काळी चिंचेच्या अलीकडे सांगली संस्थान आणि पलीकडे बेळगाव, म्हणजे इंग्रजाचा मुलूख. पान खाऊन यमनाप्पा चिंचेखाली उभा राहिला, की पोट इंग्रजाच्या राज्यात आणि बाकीचा यमनाप्पा सांगलीच्या, अशी त्याची फाळणी व्हायची. शेजारचा रवळू विणकर विचारायचा, "उद्या पोटावर जकात बसवली तर कुनी भरायची रं, यमना? तू, का वैनी?"

"तुझी वैनीच भरंल. माल तिचाच हाय," यमनाप्पा म्हणायचा आणि स्वतःच गदगदून हसायचा. तो हसला की धोतराच्या निऱ्यांपासून पटक्याच्या शेमल्यापर्यंत सगळं हलायचं. गल्लीतल्या लहान मुलांना तो हसलेला फार आवडायचा.

हा माणूस जन्मतः असा नव्हता. तरुणपणी तो रवळूसारखाच किडकिडीत होता. दोघं शेजारी उभे राहिले की दाराच्या चौकटीचे दोन खांब उभे केल्यासारखं दिसायचं. त्याला लठ्ठ केलं ते त्याच्या हातातल्या कसबानं. ते असं, की त्या गल्लीत एक रीत होती. नवरीनं लग्नात जे लुगडं नेसायचं ते ज्यानं विणलं, त्याला त्या लग्नाचं आवतण जायचं आणि पहिल्या पंगतीत त्याचं पान मांडलं जायचं. त्याला 'विणकराचं पान' म्हणत. व्याह्यांच्याही आधी त्या पानावर वाढायचं, आणि विणकरानं 'बास' म्हणेपर्यंत वाढणाऱ्यानं हात आखडायचा नाही. यमनाप्पाचं लुगडं म्हणजे डाळिंबी रंग, रेशमी काठ आणि पाण्यासारखं सरळ सूत. त्यामुळे पंचक्रोशीत कुठं लग्न ठरलं, की लोक आधी त्याच्याकडे यायचे आणि मग भटजींकडे जायचे. जितकी लुगडी, तितकी लग्नं. जितकी लग्नं, तितके मांडे, पुरणाचे कडबू आणि तुपाच्या वाट्या. आणि 'बास' हा शब्द यमनाप्पाच्या तोंडाला कधी शोभलाच नाही. भरीला दिवसभर बैठं काम. जेवायचं, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचं, उठायचं ते पुन्हा जेवायलाच.

त्याची बायको नागुबाई हे सगळं कौतुकानं बघत आली होती. नवऱ्याचं पोट म्हणजे तिला आपल्या हाताला मिळालेलं बक्षीस वाटायचं.

दसऱ्याला जयवंताची सुपारी फुटली. जयवंता ही त्यांची एकुलती एक लेक. स्थळ सदलग्याचं, घर विणकराचंच, लग्न वैशाखात. सुपारी फुटल्यावर सदलग्याची म्हातारी व्याहीण सहज म्हणाली, "लुगडं तर काय, नवरीचा बाच विणनार. आमच्याकडं बायका कापड डोळ्यांनी न्हाय, बोटांनी बघत्यात हां."

"बघू द्या की! बोटं घसरतील," यमनाप्पा म्हणाला, आणि सबंध बैठक हलेपर्यंत हसला.

तो दुसऱ्या दिवशी मागावर बसला आणि त्याचं हसू थांबलं.

खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात, आणि विणलेलं कापड ज्यावर गुंडाळत जायचं तो लाकडी रूळ त्याच्या मांडीसमोर आडवा असतो. रूळ आणि विणकर यांच्यात थोडी जागा हवी. यमनाप्पाच्या बाबतीत ती जागा गेली कित्येक वर्षं आक्रसत होती, आणि त्या दसऱ्याला ती संपली. पोट रुळाला टेकलं. नुसतं टेकलं असतं तरी चाललं असतं. पण यमनाप्पा श्वास घ्यायचा. श्वास आत गेला की पोट रुळाला रेटायचं, ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सैल पडायचा. श्वास बाहेर आला की ताणा पुन्हा घट्ट व्हायचा. चार बोटं कापड विणून त्यानं उजेडात धरलं. कापडावर लाटा उठल्या होत्या. वाऱ्यानं तळ्यावर उठाव्यात तशा, एकामागून एक, अगदी झोपेतल्या माणसाच्या श्वासासारख्या.

रवळूनं ते कापड बोटांवर घेतलं. पहिल्यांदाच तो हसला नाही. "यमना, जयवंताचं लुगडं मी विनू का?" तो हळूच म्हणाला.

त्यात वाईट काही नव्हतं. रवळू लंगोटीयार होता, हातही चांगला होता. पण यमनाप्पाच्या डोळ्यांपुढे आपल्याच लेकीच्या लग्नाचा मांडव उभा राहिला. मांडवात विणकराचं पान मांडलंय, भोवती रांगोळी आहे, आणि पानावर रवळू बसलाय. यमनाप्पा स्वतः तुपाची वाटी घेऊन वाकून त्याला विचारतोय, 'वाढू का आणखी?' आणि रवळू, जन्मभर भुकेला राहिलेला हा काटकुळा माणूस, 'बास' म्हणतच नाहीये!

"पान पायजे व्हय रं तुला माझ्या मांडवात?" तो ओरडला.

"पान दे नायतर देऊ नगं, पर पोरीला लाटा नेसवू नगंस," रवळू म्हणाला आणि निघून गेला.

मग यमनाप्पानं उपाय केले. पहिला उपाय विणकरालाच सुचेल असा होता. पोट कमी करण्याऐवजी त्यानं माग वाढवला. गवंडी बोलावून खड्डा मागच्या बाजूनं रुंद करून घेतला आणि बैठक हातभर मागं सारली. आता पोटाला ऐसपैस जागा झाली. पण हात आखूड पडले. एका हातानं फेकलेला आडव्या सुताचा धोटा दुसऱ्या हातात येण्याआधीच खाली पडायचा. धोटा पकडायला पुढं वाकावं तर पोट पुन्हा रुळावर. सगळी गल्ली तो रुंद खड्डा बघायला आली. कुणी म्हणालं, विहीर चांगली झाली, पाणी कधी लागणार?

दुसरा उपाय उपासाचा. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशी त्यानं धरली. उपासाला साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी, रताळी, वरीचे तांदूळ आणि वर घट्ट दही. पोट फुगायला लागलं तेव्हा त्यानं चिडून अगदी निर्जळी केली, आणि संध्याकाळी मागावरच भोवळ येऊन पडला. पडताना हाताला अडकून ताण्याचे धागे तुटले. शुद्धीवर आला तो थेट कडबूच्या टोपल्याशी.

तिसरा उपाय चालण्याचा. एकदम मोठंच चालावं म्हणून तो येळ्ळूरला चालत गेला. तिथं मामाचं घर. घामानं भिजलेला भाचा दारात बघून मामीला भडभडून आलं. नव्या तांदळाचा भात, सायीचं दूध, गूळ. यमनाप्पा परत आला तो मामाच्या बैलगाडीत, आणि बैल दमले होते.

"काय वाईट चाललंय? सगळं करतोय की," तो नागुबाईला म्हणाला.

त्याची आत्या, अंबुबाई, तेव्हा ओसरीवर पान-तंबाखूची चंची उघडून बसली होती. गल्लीतल्या ताणा घालणाऱ्या बायकांची ती मुकादम. ती म्हणाली, "तू करतोस ते सगळं धडाक्यात करतोस रं, यमन्या. ताणा असा व्हतो का कधी? उद्यापासनं माझ्यासंगं गल्लीत ये. माझं गुडघं गेलंत, मला एक मानूस पायजेच हाय. जयवंताच्या लुगड्याचा ताणा तूच घाल."

ताणा घालणं हे बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम. सकाळी गल्लीत मारुतीच्या देवळापासून चिंचेपर्यंत ओळीनं काठ्या रोवायच्या. हातात सुताच्या भरलेल्या कांड्या घ्यायच्या आणि धागा काठीच्या कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं नेत चालत जायचं. टोकाला वळसा घालून परत यायचं. लुगड्याच्या ताण्याला शेकड्यांनी धागे. प्रत्येक धागा म्हणजे गल्लीची एक फेरी. मागावर बसणारा कसबी गडी हे काम करत नाही. यमनाप्पानं शब्द ऐकून घेतला आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. पण रवळू पानावर बसलेला पुन्हा दिसला, तशी त्यानं होकाराची मान हलवली.

थंडीचे दिवस होते. बेळगावचं धुकं गल्लीत कापूस पिंजल्यासारखं भरलेलं. पहिल्या सकाळी त्यात यमनाप्पा उतरला तेव्हा बायकांना आधी फक्त एक मोठा पांढरा गोळा दिसला.

"अगं बया, मारुतीची शेंदरी मूर्ती चालत आली!"

"शेंदूर कुठाय? चुन्याची हाय."

"यमनाप्पा, काठ्यांच्या मधनं जाऊ नगा हां, काठ्याबी संगं येतील!"

तो लाजला. एक फेरी करून देवळाच्या पायरीवर बसला, दुसरी करून पुन्हा बसला. चिंच त्याला रामेश्वराइतकी लांब वाटायला लागली. बायका त्याच्या दोन्ही बाजूंनी भराभरा जात-येत होत्या, हसत होत्या, सुनांच्या कागाळ्या करत होत्या. त्याला राग आला आणि तो घाईनं चालायला लागला. लगेच धागा तटकन तुटला.

"पळू नगं," अंबुबाई पायरीवरून ओरडली. "पळून ताणा व्हत न्हाय. तुटतो. आनि थांबूबी नगं, लोंबतो. सूत जसं येतंय तसं जा."

हळूहळू त्याचे पाय सुताचं ऐकायला लागले. सूत ज्या चालीनं कांडीवरून सुटतं, तीच चाल. मग तो किती चालला हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं. धुक्यात पुढचं दिसत नसे, मागचं दिसत नसे. दिसायचे ते फक्त डाळिंबी धागे, हवेत तरंगत असल्यासारखे, एखादी लाल नदी जमिनीपासून उचलून काठ्यांवर ठेवावी तसे. त्या नदीच्या काठाकाठानं चालताना त्याला काहीबाही दिसायचं. कधी लहानपणची आई, हातात कांड्या घेऊन पुढं चाललेली. कधी छोटी जयवंता, ताण्याखालून रांगत जाणारी. एकदा तर त्याला वाटलं, ही गल्लीच एक अवाढव्य माग आहे, आपण तिच्यातला धोटा झालोय, आणि कुणीतरी आपल्याला या टोकाहून त्या टोकाला अलगद फेकतंय. चिंचेला हात लावून तो वळायचा. पलीकडे इंग्रज झोपलेला असायचा, अलीकडे सांगलीचं संस्थान झोपलेलं असायचं, आणि मध्ये यमनाप्पा दोघांचाही राग न धरता परत फिरायचा.

ऊन वर आलं की बायका देवळाच्या सावलीला बसून न्याहरी सोडायच्या. जोंधळ्याची भाकरी, मेथीची भाजी नाहीतर मटकीची उसळ, कांदा, आणि लोटाभर ताक नाहीतर आंबील. तोही त्यांच्यात बसायला लागला. इथं आग्रह करायला कुणी नव्हतं. प्रत्येकीची भाकरी तिच्या भुकेएवढी. त्यानं पहिल्या दिवशी इकडंतिकडं बघितलं, तर नऊवारीचे पदर खोचलेल्या बायका त्याच्याकडे अशा टक लावून बघत होत्या, की दुसरी भाकरी मागायची त्याची छाती झाली नाही. गंमत म्हणजे संध्याकाळपर्यंत तो त्यामुळे मेला नाही. उलट त्या भाजीत मेथी कडू लागते आणि मग गोड लागते, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. आजवर त्याच्या तोंडात घास रेंगाळलाच कधी नव्हता.

घरी नागुबाई मात्र रुसली होती. "माझ्या हातची भाकर नगं झाली. बायकांत बसून गिळायचं. मानूस वाळत चाललंय, लोकं काय म्हंतील? बायको उपाशी ठेवती म्हंतील."

"गल्ली म्हनंल, नागू लुगडं विनून घेतीया," तो म्हणाला.

त्या दिवशी तिन्हीसांजेला तो अंगणात जेवायला बसला, तेव्हा चिंचेमागून चंद्र वर येत होता. यमनाप्पानं ताटातली भाकरी उचलून चंद्रासमोर धरली.

"नागू, भाकरी ल्हान झालीया, का चंद्र मोठा झालाय गं?"

"चंद्र मोठा झालाय," नागुबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली. "गप जेवा."

तो गप जेवला. पुन्हा तूप मागितलं तेव्हा तिनं दिलंही, पण वाटीऐवजी चमच्यानं. कडबू सणाला व्हायचे, आणि सणाला तो मनापासून खायचा. दुसऱ्या दिवशी मात्र चिंच पुन्हा तिथंच उभी असायची.

जयवंताचा ताणा झाला, त्याला खळ लावून झाली. पण यमनाप्पाचं पोट अजून तयार नव्हतं. मग तो शेजाऱ्यांचे ताणे घालायला लागला. होळी गेली. पटका सैल बांधावा लागायला लागला, कोपरीच्या गुंड्या आपण होऊन लागायला लागल्या. पाडव्याला त्याला राहवलं नाही. खड्डा परत पहिल्यासारखा बुजवून घेतला होता. त्यानं मागाची पूजा केली, मागावर जयवंताचा ताणा चढवला आणि श्वास रोखून विणायला बसला. पण श्वास किती वेळ रोखणार? वीतभर कापड झालं आणि त्यानं बोट फिरवलं. लाटा होत्या. दसऱ्याएवढ्या मोठ्या नव्हत्या, पण होत्या. पोट रुळाला टेकत होतं, नुसतं हळूच, झोपलेल्या मांजराच्या शेपटीसारखं.

दारात रवळू उभा होता. लग्न महिन्यावर आलं होतं.

"आता उपाशी ऱ्हातो," यमनाप्पा म्हणाला. "आठ दिस पान्यावर काढतो. उतरंल."

"आनि मग भोवळ येऊन पोरीच्या ताण्यावर पड," रवळू म्हणाला. "परत गल्लीत जा, यमना. तुझं लुगडं म्यां विनत न्हाय. म्यां आता मागावर बसलो तर जलमभर तू मला पानावर बसू द्यायचा न्हाईस."

यमनाप्पा उठला. मागावर फडकं झाकलं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा गल्लीत उतरला. आता धुकं नव्हतं, चैत्राची कोवळी उन्हं होती, चिंचेला पालवी होती. मनात घाई मावत नव्हती, पाय पळू पाहत होते. आणि तो त्यांना सुताच्या चालीवर आणत होता. नागुबाईनं एकदा त्याच्यासाठी चोरून लाडू बांधून दिला, काळजीनं. त्यानं अर्धा अंबुबाईला दिला, अर्धा चावून चावून चिंचेपर्यंत पुरवला.

मारुतीच्या जन्माचा सुंठवडा वाटला गेला, त्या दिवशी तो पुन्हा मागावर बसला. श्वास घेतला. सोडला. रूळ हलला नाही. रुळात आणि पोटात रवळूचा तळहात सहज जात होता. रवळूनं तो घालून पाहिला आणि मुद्दाम गुदगुल्या केल्या. मग यमनाप्पा विणत राहिला. धोटा या हातातून त्या हातात जायचा, तेव्हा त्याला बसल्या जागी गल्लीतून चालल्यासारखं वाटायचं.

लुगडं उतरल्यावर त्यानं सुरी घेतली. पदराकडची ती पहिली लाटांची वीत कापून टाकायची होती. जयवंतानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, आप्पा."

"येडी का काय? तुझी सासू बोटांनी बघती."

"बघू दे की." तिनं डोळे मिटले आणि त्या विणीवरून बोट फिरवलं. "ल्हानपनी तुझ्या पोटावर निजायची तवा असंच व्हायचं. वर-खाली, वर-खाली."

यमनाप्पानं सुरी ठेवून दिली आणि त्याला एकाएकी तंबाखू आणायची आठवण झाली.

वैशाखात मांडव पडला. अक्षता पडल्यावर विणकराचं पान मांडलं गेलं. नवरीच्या बापानं सगळ्यांत शेवटी जेवायचं असतं आणि विणकरानं सगळ्यांच्या आधी, त्यामुळे भटजींची थोडा वेळ पंचाईत झाली. शेवटी अंबुबाईनंच निकाल दिला, "आधी विनकर म्हनून बस. बाप म्हनून मागनं रड." यमनाप्पानं रवळूला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. मांडे आले. वाढणारा मष्णू गावातला नामांकित वाढपी. विणकराच्या पानावर आपली कीर्ती होणार म्हणून तो परात घेऊन समोर खांब रोवल्यासारखा उभा राहिला. यमनाप्पानं एक मांडा घेतला. दुधात बुडवून, थांबत थांबत, वेलची कुठं लागते बघत खाल्ला. दुसरा अर्धा खाल्ला. आणि मग पानावर हात आडवा धरला.

"बास."

मष्णूच्या हातातली परात कलली. "काय चुकलं का, आप्पा?" तो घाबरून म्हणाला.

"न्हाय रं. भरलं. त्याला वाढ," आणि त्यानं रवळूकडे बोट दाखवलं. रवळूनं त्या दिवशी जन्माची कसर काढली. 'बास' हा शब्द त्यालाही येत नव्हता.

सदलग्याची व्याहीण गाडीत बसण्याआधी सुनेच्या पदराशी बोटं घेऊन गेली. लाटांपाशी ती थांबली. "ह्ये काय गं?"

"आमच्यातली वीन हाय ती," जयवंता म्हणाली.

"जमंल का आमच्या मागावर?"

"लई दिस लागत्यात," जयवंता म्हणाली, आणि बापाकडे बघून हसली. तिचं ते हसणं गाडीतल्या घुंगरांबरोबर बराच वेळ ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या सकाळी घर रिकामं होतं. यमनाप्पा सवयीनं उठला, पटका बांधला. नागुबाई म्हणाली, "आता कुठं? लुगडं झालं की."

"शेजारच्याचा ताणा पडलाय गल्लीत."

ती चुलीपासून उठली. मग पदर खोचला, दाराला कडी घातली आणि त्याच्या मागून निघाली. "चला, म्याबी येते. घरात बसून रडूच येतंय."

पुढं यमनाप्पा पुष्कळ जगला. थोडं पोट लांबच्या पाहुण्यासारखं परत आलं, पण ओसरीवरच बसलं, माजघरात शिरलं नाही. इंग्रज गेला, चिंचेपलीकडचं राज्य बदललं, अलीकडचंही बदललं. तो आणि नागुबाई मात्र पहाटे कांड्या घेऊन तिथं चिंचेला हात लावून वळायची. नागुबाई जरा पुढं, कारण तिला घाई असायची.

"हळू गं," तो मागून म्हणायचा. "तुटंल."